अर्ध्या वाटेवरचे बाक

या सदरातून गेली सहा वर्षे मी वाचकांना घराबाहेर पडा, चाला, असा आग्रह करीत आले आहे. आणि त्यांतील शेवटचे जवळजवळ वर्षभर मी माझ्याच घरातील एका माणसाला मनासारखे चालू दिलेले नाही. हे आजवर लिहिले नव्हते. आता लिहिते, कारण गेल्या महिन्यात परक्या शहरातील एका नदीकाठी ते माझ्या ध्यानात आले, आणि ज्या वाटेवर ते ध्यानात आले ती वाट वाचकांना दाखवण्याजोगी आहे.

गेल्या आषाढात ह्यांना हृदयविकाराचा झटका आला. वेळेवर रुग्णालयात पोहोचलो, अँजिओप्लास्टी झाली, एका धमनीत स्टेंट बसला आणि सहाव्या दिवशी आम्ही घरी आलो. निघताना डॉक्टरांनी सांगितले होते, ‘सुरुवातीला बेताने चाला, मग रोज थोडे थोडे वाढवा. चालणे हेही औषधच आहे असे समजा.’ तीन महिन्यांनी ताणचाचणी झाली, तिचा निष्कर्ष समाधानकारक आला आणि डॉक्टरांनी तासभर चालण्यास मोकळीक दिली. मी मात्र पहिल्याच वाक्यातील ‘बेताने’ या शब्दापाशी थांबले होते. सोसायटीच्या आवारात आठ फेऱ्या, त्याही मी सज्जात उभी राहून मोजलेल्या. नवव्या फेरीला मी वरून ‘अहो, पुरे आता’ म्हणत असे. एकदा भाजी आणायला गेलेले हे वीस मिनिटे उशिरा आले, तेव्हा मी शेजारच्या मुलाला स्कूटरवरून शोधायला धाडले होते. त्या दिवसापासून ह्यांनी भाजी आणणे सोडले. पुढे आठाच्या सहा फेऱ्या झाल्या, सहाच्या चार. मी याला ‘तब्येत सांभाळणे’ म्हणत होते.

आमची मुलगी नोकरीनिमित्त ऑक्सफर्डला असते. मे महिन्याच्या अखेरीस आम्ही तिच्याकडे गेलो. दुसऱ्याच दिवशी तिने एका पाकिटाच्या पाठीवर एक वेडेवाकडे वर्तुळ काढून समोर ठेवले. शहराच्या मधल्या चौकातून निघायचे, जुन्या महाविद्यालयांच्या भिंतीवरून कुरणात उतरायचे, नदीकाठाने पूर्वेकडे वळायचे, मग उत्तरेला उद्यानात आणि पुन्हा त्याच चौकात. सहा-सात किलोमीटर. वर्तुळावर तिने तीन फुल्या मारल्या होत्या. ‘बाबा, या तीन ठिकाणांहून केव्हाही परत फिरता येते किंवा बस मिळते. तिसरी फुली ओलांडली की मात्र पुढे उद्यान येईपर्यंत मधून बाहेर पडायला सोयीची वाट नाही.’

गोल वाटेचे हे वैशिष्ट्य चालणाऱ्याने आधी समजून घेतलेले बरे. गेल्या वाटेनेच परतायचे असेल तर कंटाळा आला, पाय दुखले, की मागे वळता येते. गोल वाटेला अर्धा टप्पा असतो. तो ओलांडला की मागे फिरणे आणि पुढे जाणे सारखेच लांब. म्हणून आजारातून उठलेल्या माणसासाठी गोल वाट निवडताना देखाव्याच्या आधी फुल्या पाहाव्यात. आमच्या मुलीने त्या पाहिल्या होत्या. तिने आणखी एक नियम केला होता, तो निघताना सांगितला: ‘बाबा, तुम्ही पुढे चाला, तुमच्या चालीने. आई, तू माझ्याबरोबर मागे.’

तो मधला चौक म्हणजे कारफॅक्स. चार रस्ते जेथे फुटतात ती जागा, असाच त्या जुन्या शब्दाचा अर्थ आहे. तेथे एका पाडलेल्या चर्चचा 74 फूट उंचीचा मनोरा तेवढा उरला आहे. हे त्याच्याकडे मान वर करून पाहत राहिले, मग दक्षिणेकडचा उतार उतरू लागले. डाव्या हाताला ख्राइस्ट चर्च महाविद्यालयाचे प्रवेशद्वार आणि त्यावरचा टॉम टॉवर लागतो. तो ख्रिस्तोफर रेन यांनी सतराव्या शतकात रचला. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे वास्तुशिल्पकार तेच. त्यांच्या हाताचे आणखी एक काम पुढे येईल, म्हणून नाव लक्षात ठेवावे.

थोडे पुढे एका बागेतून वळले की शहर एकाएकी मागे पडते आणि समोर कुरण पसरते. ख्राइस्ट चर्च मेडो. इतक्या जुन्या शहराच्या पोटाशी इतके मोठे गवताळ रान राहू कसे दिले, याचेच आम्हांला नवल वाटले. पावसाळी दिवसांत नद्यांचे पाणी या कुरणात पसरते, हे त्याचे एक उत्तर असावे. तेथे गायी चरत होत्या, लाँगहॉर्न जातीच्या. आपल्या खिल्लाराची शिंगे मागे आणि वर जातात. यांची खाली वळून गालांवर येतात. ह्यांचे बालपण सांगोल्याकडचे. हे कुंपणापाशी दहा मिनिटे उभे राहिले आणि एका गायीच्या शिंगांविषयी एका अनोळखी आजोबांशी बोलत राहिले. मुलगी म्हणाली, ‘आई, घड्याळ बघू नकोस.’ मी बघत होते.

उत्तरेच्या बाजूला कुरणाला लागून जुन्या तटबंदीची भिंत आहे आणि तिच्यामागे मर्टन महाविद्यालय. त्या भिंतीकडे पाहताना मला आमच्या स्टेंटची आठवण झाली, आणि ती अगदीच अस्थानी नव्हती. विल्यम हार्वी या वैद्याने 1628 साली रक्ताभिसरणावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे इंग्लंडात यादवी युद्ध पेटले, राजा चार्ल्स याने ऑक्सफर्डला आपली राजधानी हलवली आणि त्याचा वैद्य म्हणून हार्वी येथे आला. 1645 मध्ये तो याच मर्टनचा प्रमुख होता. त्याच्यापूर्वी वैद्य मानीत की यकृतात रक्त सतत नवे तयार होते आणि शरीर ते वापरून संपवते. हार्वीने साधा हिशेब केला. हृदय एका ठोक्याला किती रक्त बाहेर टाकते, अर्ध्या तासात ठोके किती पडतात, यांचा गुणाकार केला. उत्तर सबंध शरीरात असलेल्या रक्ताहून अधिक आले. इतके रक्त दर अर्ध्या तासाला नवे कोठून येणार? तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे.

आज आपल्याला ठाऊक आहे की स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलते, म्हणजे अंगात असते जवळजवळ तितके सगळे. भरभर चालू लागलो की हे प्रमाण दुपटीच्या आसपास जाऊ शकते. पायांतून वर परतणाऱ्या रक्ताला पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलाला पिळून पुढे ढकलतात. नियमाने चालणाऱ्याचे हृदय काही आठवड्यांत तेवढेच काम कमी ठोक्यांत करू लागते. हे मी या सदरात पूर्वी दोनदा तरी लिहिले असेल. लिहिलेले आणि घरात पाळलेले यांत अंतर पडते ते असे.

मर्टनच्याच गल्लीत टॉमस विलिस हा वैद्य राहत असे. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते, त्याला आजही ‘विलिसचे वर्तुळ’ म्हणतात. त्याचे वर्णन त्याने 1664 च्या ग्रंथात केले, आणि त्या ग्रंथातील चित्रे काढण्यात ख्रिस्तोफर रेन यांचा हात होता. कड्याची एक बाजू अरुंद झाली तर दुसऱ्या बाजूने रक्त पोहोचू शकावे, अशी ती रचना आहे. सर्वांच्या मेंदूत ते कडे पूर्ण नसते, त्यामुळे त्यावर विसंबून राहू नये; पण शरीरानेही आपल्या नकाशावर फुल्या मारून ठेवल्या आहेत, एवढे खरे.

उंच झाडांच्या रांगेतून आम्ही टेम्स नदीपाशी आलो. ऑक्सफर्डमध्ये तिला आयसिस म्हणण्याची प्रथा आहे. येथून वाट डावीकडे वळते आणि चारवेल नावाची लहान नदी हाताशी धरून पुन्हा उत्तरेला जाते. लिहितात चेरवेल, पण म्हणतात चारवेल असे बरेच जण. पुढे लागणाऱ्या मॉडलिन महाविद्यालयाच्या इंग्रजी अक्षरांचे तर नावच काढू नये. कुरणाची ही फेरी दोन किलोमीटरांच्या आतबाहेर. मुलीची पहिली फुली या फेरीवर होती. ह्यांनी ती न विचारता ओलांडली.

कुरणाच्या दुसऱ्या फाटकातून आम्ही हाय स्ट्रीटवर आलो. फाटकाशेजारी 1621 साली स्थापन झालेली वनस्पतींची बाग आहे, ब्रिटनमधील सर्वांत जुनी. ती मुळात औषधी वनस्पतींसाठी केलेली होती. आत तिकीट आहे आणि पाहायचे म्हटले तर सकाळ जाते, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवसासाठी ठेवली. बागेसमोर रस्त्यालगत गुलाबांचे लहानसे उद्यान आहे, तेथे बसायला मिळते आणि पैसे पडत नाहीत. पेनिसिलिनचा औषध म्हणून उपयोग सिद्ध करणाऱ्या येथील संशोधकांच्या सन्मानार्थ ते केलेले आहे. तसा दगडी लेख तेथे आहे.

ती कथा वाचकांना ठाऊक असेल, पण तिचा मधला भाग मला तेथे बसल्यावर फार लागला. फ्लोरी, चेन, हीटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1940 मध्ये उंदरांवर प्रयोग केला. 12 फेब्रुवारी 1941 रोजी पहिल्या रुग्णाला त्यांनी हे औषध उपचार म्हणून दिले. तो अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस शिपाई होता. जंतुसंसर्गाने त्याचा एक डोळा काढावा लागला होता. औषध सुरू झाले आणि काही दिवसांतच तो सुधारू लागला, जेवू लागला. पण औषध जगात होते तेवढेच. त्याच्या लघवीतून गाळून ते पुन्हा मिळवीत आणि पुन्हा टोचीत. तरीही ते संपले. 15 मार्चला तो गेला. औषध चुकीचे नव्हते, अपुरे होते.

‘चालणे हेही औषधच आहे असे समजा’ हे डॉक्टरांचे वाक्य मला तेव्हा आठवले. चार फेऱ्यांची मात्रा कोणी ठरवली होती, हेही आठवले. मी काही बोलले नाही.

मॉडलिनचा पूल ओलांडला की प्लेन नावाचा गोल चौक लागतो. हीच तिसरी फुली. (दुसरी हाय स्ट्रीटवरच्या बसथांब्याची होती.) येथून फुटणाऱ्या रस्त्यांपैकी इफ्ली रोडवर थोड्या अंतरावर धावपट्टी आहे. तेथे 6 मे 1954 रोजी रॉजर बॅनिस्टर यांनी एक मैल 3 मिनिटे 59.4 सेकंदांत पार केला. चार मिनिटांच्या आत मैल धावलेला तो पहिला मनुष्य. तेव्हा ते वैद्यकाचे विद्यार्थी होते. त्या दिवशी सकाळी लंडनच्या रुग्णालयात काम करून ते आगगाडीने आले होते. पुढे ते मज्जातंतूंचे तज्ज्ञ झाले, आणि उतारवयात त्यांना कंपवात जडला. ज्या विकाराचे रुग्ण त्यांनी आयुष्यभर तपासले होते, त्याच विकाराने त्यांची चाल अडवली. 2018 मध्ये याच शहरात ते वारले. मुलीने हे सांगितले तेव्हा हे म्हणाले, ‘मैलाला मला वीस मिनिटे लागतात. चालतील.’

चौकात दुमजली बस उभी होती. ती आमची परतीची सोय. मी ह्यांच्याकडे आशेने पाहिले, हे लपवत नाही. योगायोग असा की हृदयविकार आणि हालचाल यांचा संबंध दाखवणाऱ्या पहिल्या मोठ्या अभ्यासांपैकी एक अशाच बसमधून आला. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसचालकांची आणि वाहकांची तुलना केली. 1953 मध्ये ती प्रसिद्ध झाली. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिने चढत-उतरत. हृदयविकार वाहकांत कमी आढळला, आणि झालाच तर तो उशिरा व कमी घातक. पुढे या अभ्यासावर आक्षेप घेतले गेले, चालकांची अंगकाठी नोकरीला लागतानाच अधिक स्थूल होती असेही दिसले. तरी मूळ निष्कर्ष नंतरच्या असंख्य अभ्यासांनी टिकवून धरला आहे. प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम वेगाचा व्यायाम करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस त्याच परंपरेतली.

बस गेली. आम्ही चालत राहिलो.

मेसोपोटेमिया ही त्या वर्तुळातील सर्वांत सुंदर आणि मला सर्वांत नकोशी वाटलेली जागा. तिग्रिस आणि युफ्रेटिस यांच्यामधल्या देशाचे नाव ऑक्सफर्डच्या मंडळींनी गमतीने या चिंचोळ्या पट्टीला दिले, कारण ती चारवेलच्या दोन प्रवाहांमध्ये आहे. एक प्रवाह वरच्या पातळीवर, दुसरा खालच्या. दोन्ही हातांना पाणी आणि मधे झाडांखालची पायवाट. माथे छाटून ठेवलेली बुटकी वाळुंजांची झाडे, त्यांवर फुटलेले कोवळे फोक, बांधावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज. मी यांतले फारसे काही पाहिले नाही. वीस पावले पुढे चाललेली ह्यांची पाठ पाहत होते. मनाशी हिशेब चालला होता की येथे काही झाले तर रुग्णवाहिका कोठवर येईल.

मग हे थांबले. एक हात झाडाच्या बुंध्यावर टेकला, मान खाली गेली.

मी धावले. माझे वय एकसष्ट, डाव्या गुडघ्याला सूज असते, गेल्या कित्येक वर्षांत मी धावलेली नाही. जवळ पोहोचले तेव्हा ह्यांनी ओठांवर बोट ठेवले. खाली पाण्यात एक पाणकोंबडी आपली काळी पिल्ले घेऊन वेलींआड सरकत होती. हे वाकून तीच पाहत होते.

मला मात्र उभे राहवेना. छाती धडधडत होती, हाताला घाम फुटला होता. मुलीने मला बाकावर बसवले. तिने मनगट धरून मोजले तर नाडी 120 च्या वर. हे शेजारी येऊन बसले, पाण्याची बाटली उघडून दिली आणि म्हणाले, ‘बेताने.’

तिघेही हसलो. मग मला रडू आले. बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर हे पाण्याकडे पाहत म्हणाले, ‘अगं, मला दम लागतो की नाही हे मला कळते. पण तू वरून बघतेस म्हटले की मी थांबतो. अकरा महिने असाच थांबतो आहे.’

ही भीती माझ्या एकटीची नाही, हे मला वाचकांच्या पत्रांवरून ठाऊक आहे. तिला इतिहासही आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला चार-सहा आठवडे अंथरुणावरून हलू देत नसत; जेवणही भरवीत. जखमी हृदयाला विश्रांती द्यावी, हा त्यामागचा सद्हेतू. परिणाम असा होई की पायांत रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जात, स्नायू वाळत, माणूस खचत असे. 1952 मध्ये अमेरिकेतील सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवण्याचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा तेवढ्यावरही सहकाऱ्यांचा विरोध झाला होता. आज रुग्णाला बहुधा एक-दोन दिवसांतच उठवून चालवतात, आणि देखरेखीखालचा व्यायाम हा उपचाराचाच भाग मानला जातो. रुग्णालयांनी सोडलेली ती जुनी खाट आपण घरी आणून ठेवतो. माझ्या घरी ती सज्जात होती.

बाकावरून उठलो तेव्हा मी पुढे होते.

मेसोपोटेमिया संपली की विद्यापीठाचे उद्यान लागते, सुमारे सत्तर एकरांचे. चारवेलवर कमानीचा एक उंच पादचारी पूल आहे. 1920 च्या दशकात बेकारांना काम मिळावे म्हणून तो बांधून घेतला होता. हे त्यावर चढून आले. मैदानावर क्रिकेट चालले होते आणि मग आमच्या चालण्याला अर्ध्या तासाचा खंड पडला. मन्सूर अली खान पतौडी येथे विद्यापीठाकडून खेळले. 1961 मध्ये कप्तान असतानाच मोटारीच्या अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. त्याच वर्षी डिसेंबरात ते भारताकडून पहिला कसोटी सामना खेळले आणि 1962 च्या मार्चमध्ये, एकविसाव्या वर्षी, भारताचे कप्तान झाले. हे सगळे ह्यांनी शेजारी बसलेल्या एका तरुणाला तारखांसकट सांगितले. त्याने विचारले नव्हते.

उरलेली वाट मी लवकर सांगते. उद्यानाच्या पश्चिमेला थोड्या अंतरावर सॉमरव्हिल महाविद्यालय आहे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1889 साली तेथे आल्या, 1892 मध्ये कायद्याची परीक्षा दिली आणि पदवी त्यांच्या हाती पडायला 1922 उजाडले. दक्षिणेकडे वळून ब्रॉड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आले की एका इमारतीवर वाऱ्याची दिशा दाखवणारा हत्ती दिसतो. ती पूर्वीची इंडियन इन्स्टिट्यूट, मुंबईत जन्मलेल्या मोनिअर-विल्यम्स यांनी उभारलेली; त्यांचा संस्कृत कोश आमच्याकडे वडिलार्जित आहे. त्या हत्तीखाली छायाचित्र काढून आम्ही कारफॅक्सला परत आलो. साडेतीन तास झाले होते, त्यांतला निम्मा वेळ गायी, बाके आणि क्रिकेट यांचा.

मनोऱ्यावर चढायला 99 पायऱ्या आहेत. ह्यांनी पाटी वाचली. मी मुद्दाम दुसरीकडे पाहत होते. ‘आज नको,’ हे स्वतःच म्हणाले, ‘परवा.’ आणि परवा चढले.

ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांच्यासाठी थोडे लिहिते. किती चालायचे हे डॉक्टरांनी तपासून ठरवलेले असावे. ते आकड्यांत लिहून घ्यावे, म्हणजे आपल्याला आपल्या सोयीचा शब्द निवडता येत नाही. पहिली आणि शेवटची दहा मिनिटे सावकाश. मधल्या वेळी वेग असा की बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. भरल्या पोटी किंवा बोचऱ्या वाऱ्यात निघू नये. छातीत दाब, जबडा वा हात भरून येणे, घाम, नेहमीपेक्षा वेगळा दम, यांपैकी काही वाटले की चालणे तिथल्या तिथे थांबवून बसावे. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर ती सांगितली तशी घ्यावी, आणि पाच मिनिटांत ओसरले नाही तर लगेच 108 किंवा 112 ला फोन करावा. औषधांची यादी आणि घरचा क्रमांक खिशात असावा. एवढे झाल्यावर घरच्यांनी दर दहा मिनिटांनी फोन करायचे कारण उरत नाही. मला हे अजून पुरते जमलेले नाही.

परत आल्यावर ह्यांनी पुण्यात आपले वर्तुळ शोधले. शनिवारवाड्यापासून ओंकारेश्वर, तेथून पूल ओलांडून बालगंधर्व रंगमंदिर, संभाजी उद्यान, डेक्कन, मग लकडी पुलावरून नारायण पेठेतून पुन्हा वाड्यापाशी. मुठेची चारवेलशी तुलना करू नये. पदपथावर दुचाक्या लावलेल्या असतात आणि पुलावर वास येतो. पण उद्यानात बाके आहेत आणि जागोजाग रिक्षा मिळते. फुल्या भरपूर.

मागल्या मंगळवारी हे साडेसहाला निघाले. आठ वाजले, सव्वाआठ झाले. मी फोन हातात घेतला, ठेवला, कणीक मळायला घेतली. साडेआठला बेल वाजली. हे दारात मेथीची जुडी घेऊन उभे होते. उशीर का झाला हे त्यांनी सांगितले नाही. मी मेथी निवडायला बसले.